नापास पावांची खुर्ची

त्याने पाव उचलला, उलटा केला, बुडावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं आणि मान हलवली.

"नाही."

पाव खुर्चीवर गेला. टेबलाच्या उजव्या अंगाला ठेवलेल्या त्या लाकडी खुर्चीवर माणूस बसून महिना झाला असेल. आता तिथे पावच बसायचे. लांबट, डब्याच्या आकाराचे, दिसायला देखणे आणि नापास.

"आता या बिचाऱ्याने काय घोडं मारलं?" ओव्हनसमोरून बायको म्हणाली. हातात फडकं, कपाळावर पीठ, आणि आवाजात भट्टीची आच.

त्याने पुढचा पाव उचलला. टकटक. हा डावीकडे गेला, म्हणजे पास. त्याच्या पुढचा पुन्हा खुर्चीवर.

"नाही."

गल्लीत त्याला सगळे तपासनीस म्हणायचे. मोठ्या पावाच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं तो एका सरकत्या पट्ट्यापाशी उभा होता. पट्ट्यावरून पाव यायचे, याने वाईट असेल तो उचलून बाजूला टाकायचा. यंत्रांचा आवाज एवढा, की कानात बोळे घालून उभं राहावं लागायचं. बोलायचा प्रश्नच नव्हता. मग एक दिवस पट्ट्यावर कॅमेरा बसवला. कॅमेऱ्याला लघवीला जावं लागत नाही, एवढाच काय तो त्याचा मोठेपणा. पण मालकांना तेवढा पुरला. तपासनिसाला भिंतीवरचं एक घड्याळ देऊन घरी पाठवलं. आता वेळच वेळ आहे, बघत बसा, असा त्याचा अर्थ असावा.

बायको तेव्हा शाळेच्या कँटीनमध्ये दुसऱ्यांच्या पातेल्यांत डाव फिरवत होती. नवरा घरी आला त्याच आठवड्यात तिनेही ती नोकरी सोडली आणि बंद पडलेल्या एका हॉटेलचा जुना ओव्हन घरी आणला, पाव करून विकायचे म्हणून. तो आत घ्यायला स्वयंपाकघराचं दार चौकटीसकट काढावं लागलं. घरात एक रिकामा पुरे नव्हता का, असं नणंद म्हणाली. बायकोने ऐकून घेतलं. स्वतःच्या हाताबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तिचा पाव ज्याने एकदा खाल्ला, त्याने कारखान्याचा पाव पुन्हा कौतुकाने खाल्ला नाही, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

पहिल्या दिवशी नवरा ओव्हनपाशी आला होता. वाकून आत बघत होता. तिच्या हातात गरम डबे, तो नेमका वाटेत. तिने त्याला कोपराने बाजूला सारलं.

"तुम्ही मध्ये कशाला येता? तिकडे बसा. फक्त वाईट असेल तो उचला, बाकीचं मी बघते."

ती हे लाडानेच म्हणाली होती. निदान तिला तरी तसं वाटलं होतं. नवऱ्याला हाताला काम मिळालं, त्याचा मान राहिला, असा हिशेब. तो गुपचूप टेबलाच्या टोकाला जाऊन बसला, आणि तेव्हापासून तिथेच होता.

महिनाभर तो उचलत होता आणि खुर्ची भरत होती.

सुरुवातीला तिला वाटलं, हा कारखान्याची सवय इथेही चालवतोय. तिथे सगळे पाव एका ठशातले लागत, इथे हाताचे आहेत, एखादा तिरपा निघणारच. म्हणून नाक्यावरच्या कॅफेत पहिल्यांदा नमुना न्यायचा होता तेव्हा त्याची पाठ वळताच तिने खुर्चीवरचाच एक उचलला. सगळ्यांत उंच, छाती काढलेला. तोच खोक्यात घातला.

कॅफे चालवणारी पोरगी तिशीतली, केस बारीक कापलेली, बोलायला सरळ. तिने गिऱ्हाइकासमोर पाव कापला. आत मधोमध ओला चिकट गोळा. सुरीला लागून तो बाहेर आला. गिऱ्हाईक बघत राहिलं, पोरगी बघत राहिली.

"काकू," ती हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या कडेच्या तुकड्याला जी चव आहे ना, ती त्या पिशवीतल्या पावाला जन्मात येणार नाही." तिने मागच्या फळीकडे हात केला. तिथे प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये पाव ओळीने उभे होते. त्याच कारखान्याचे. "पण तो रोज सारखा असतो. मला रोज सारखा लागतो. तीन आठवड्यांनी, सोमवारी, शेवटचं बघते. नाही जमलं तर राग मानू नका."

बायको तडक घरी आली. खुर्चीवरचे बाकीचे पाव तिने एकटीने कापून पाहिले. प्रत्येकात तोच ओला गोळा. म्हणजे नवऱ्याचं बोट खोटं बोलत नव्हतं. खोट आपल्या कणकेत होती.

मग तिने कणकेशी युद्ध मांडलं. पाणी कमी केलं. यीस्ट वाढवलं. पीठ बदललं. मळायला दुप्पट वेळ दिला, फुगायला तिप्पट. मनगटं सुजली. पाव जास्त वेळ भाजले तर चांगले होते ते करपले आणि वाईट होते ते जेमतेम झाले. कशानेही खुर्ची रिकामी होईना. ज्या कारखान्याने आपल्या माणसाला घड्याळ देऊन हाकललं, त्याचाच पाव त्या फळीवर छाती काढून उभा राहणार, आणि आपण परत दुसऱ्यांच्या पातेल्यापाशी, या विचाराने तिच्या अंगाची लाही व्हायची. कणीक ती असली आपटायची, की खालच्या मजल्यावरची म्हातारी छताला काठी ठोकायची.

शनिवारी नणंद आली. दोन गल्ल्या सोडून राहायची, आणि पाव भाजून झाले की बरोब्बर कापडी पिशवी घेऊन हजर व्हायची.

"वहिनी, भरली का खुर्ची?"

"भरली. ने."

"दादा, तुझ्या बोटाला सोन्याची अंगठी घालायला हवी. धंदा वहिनीचा आणि नाश्ता आमचा." नणंद पाव पिशवीत कोंबत होती. "शेकून घेतला की कच्चा काय आणि पक्का काय. पोरं आवडीने खातात."

"खाऊ दे. माझ्या मनगटाचं खातायत."

"चिडतेस काय? मी म्हणते, एवढं नवल आहे ना. पीठ एक, हात एक, कूस एक. मग काही साहेब आणि काही असे कसे निघतात गं?"

"तुमच्या घरात नाही का निघाले?" बायको म्हणाली.

नणंदेला ते लागलं नाही, कारण ती स्वतःला साहेबांत धरत होती. ती हसत हसत जिना उतरली. बायको मात्र हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली. पीठ एक. हात एक. वेळही एकच. मग वेगळं काय?

रविवारी सकाळी पाव ओव्हनमध्ये घालण्याआधी तिने पातं घेतलं. उजव्या बाजूच्या पावांवर सरळ चीर दिली, डाव्या बाजूच्यांवर तिरपी. पुढच्यांना एकेक, मागच्यांना दोन दोन. नवऱ्याला काही सांगितलं नाही. तोही टेबलाच्या टोकाला आपल्या जागी बसून होता.

पाव बाहेर आले. ती एकेक पुढे सरकवत गेली. पहिल्याच पावावर त्याचा अंगठा चिरेवर थांबला. त्याने वर पाहिलं, पण ती दुसरीकडे बघत होती. टकटक. डावीकडे. टकटक. खुर्चीवर.

सगळं संपल्यावर ती खुर्चीपाशी गेली आणि वाकली. दोन तिरप्या चिरा. दोन तिरप्या चिरा. पुन्हा दोन तिरप्या. दुसरी खूण औषधालासुद्धा नव्हती.

"हे सगळे मागच्या डाव्या कोपऱ्यातले आहेत!" तिचा आवाज चढला. "एकूण एक!"

"हो," तो म्हणाला.

तिला वाटलं होतं, तो चकित होईल. उठून येईल.

"हो म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. त्या कोपऱ्यात आच पोचत नाही. कडा बघ ना, एक अंग कायम गोरं. तिथली तापायची तार गेलेली असणार."

"आणि महिनाभर तोंडात काय बोळा कोंबून बसला होतात? मी इथे पिठाला शिव्या घालतेय, मनगटं सुजवून घेतेय, त्या कॅफेवालीसमोर माझं तोंड काळं झालं, आणि तुम्ही आपले नाही, नाही, नाही!"

तिने पाव टेबलावर आदळला. पातं उडून खाली पडलं. तो वाकून ते उचलायला लागला.

"कारखान्यात गेलो होतो एकदा सांगायला," तो खालूनच म्हणाला. "नवा होतो तेव्हा. सारखे एकाच रांगेतले कच्चे येत होते, म्हणून पट्टा सोडून भट्टीपाशी गेलो. सुपरवायझर होता तिथे. म्हणाला, तू मध्ये कशाला येतोस? तिकडे उभा राहा. फक्त वाईट असेल तो उचल, बाकीचं आम्ही बघतो."

त्याने पातं पुसून टेबलावर ठेवलं आणि सांडलेला चुरा तळहातात गोळा करू लागला. टोमणा मारल्याचा कसलाही भाव चेहऱ्यावर नव्हता.

"मुडदा बशिवला त्या..." बायकोने सुरुवात केली. तिच्याकडे त्या सुपरवायझरसाठी भरपूर माल होता. पण शिवी अर्ध्यातच राहिली. कारखान्यात तिने कधी पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं, तरी ते शब्द तिच्या ओळखीचे होते. शब्द, आणि ते ज्या आवाजात म्हटले असतील तो आवाजही.

ओव्हनचा पत्रा थंड होताना कडकडत होता.

तिने खुर्चीवरचे पाव दोन हातांनी उचलून टेबलावर ठेवले. फडक्याने खुर्ची पुसली, बैठकीच्या फटीत अडकलेला चुरा नखाने काढला. मग ती खुर्ची फरशीवरून करकरत ओढत नेऊन ओव्हनच्या तोंडासमोर उभी केली. खालून म्हातारीने काठी ठोकली.

"इथे बसा."

"तिथे कशाला?"

"तुम्हाला दिसतं ते मला दिसत नाही म्हणून."

तो आला. परक्या घरात बसल्यासारखा टोकावर टेकला. थोड्या वेळाने पुढे सरकला. मग उठलाच. ओव्हनचं दार उघडून हात आत घातला आणि मागची भिंत चाचपडत राहिला, गाय चाचपडावी तसा.

"तार बदलणारा येईपर्यंत डबे मध्येच फिरवावे लागतील," तो आतूनच म्हणाला. "मागचे पुढे."

"मध्ये दार उघडलं तर पाव खाली बसतो. मला शिकवताय?"

"लवकर उघडलं तर बसतो. कधी उघडायचं ते मी सांगेन."

"कशावरून कळणार तुम्हाला?"

"वासावरून. कानात बोळे होते, नाकात नव्हते."

ती हसली नाही, पण कमरेवरचे हात खाली आले.

सोमवारी उजाडता उजाडता ओव्हन भरला. तो खुर्चीवर, ती शेजारी उभी, हातात जाड फडकी. काचेतून पाव वर येताना दिसत होते. दोनदा तिचा हात दाराकडे गेला. दोनदा त्याने नुसतं बोट वर केलं.

"थांब."

ती थांबली. आयुष्यात या स्वयंपाकघरात तिला कोणी थांब म्हटलं नव्हतं.

"आता."

तिने दार उघडलं. आचेने डोळे मिटले, तरी हात चुकले नाहीत. मागचे पुढे, डावे उजवे, दार बंद. एकही पाव बसला नाही.

कॅफेतल्या पोरीने त्या सकाळी आधी सुरीच हातात घेतली. रांगेतल्या माणसांसमोर तिने पहिला पाव कापला, मग मधला, मग खोक्याच्या तळाचा. सुरी तिन्ही वेळा कोरडी बाहेर आली. तळाच्या पावाचा एक तुकडा तोंडात टाकून ती चावत राहिली, आणि चावता चावताच दुसऱ्या हाताने मागच्या फळीवरच्या प्लास्टिकच्या पिशव्या एकेक करून खाली ठेवायला लागली.

"काकू, उद्या जरा लवकर आणाल?"

नणंद बुधवारी उगवली. कापडी पिशवी झटकत आत आली आणि टेबलाच्या टोकाशी येऊन थबकली.

"अगं बाई! खुर्ची कुठे गेली?"

बायकोने ओव्हनकडे मान हलवली. दादा खुर्चीवर ऐसपैस बसला होता, नाक काचेपाशी, पाठ सगळ्या जगाकडे.

"आणि माझे पाव?"

"नाहीत. आज सगळे पास."

"सगळे? मग मी आता काय नेऊ?"

बायको काही बोलायच्या आत खुर्चीवरून आवाज आला. मान न वळवता.

"विकत ने."

नणंदेने आ वासला. आधी भावाच्या पाठीकडे पाहिलं, मग वहिनीकडे. वहिनी टेबल पुसत होती. तिने रांगेतला एक पाव उचलला, उलटा केला, बोटाच्या पेराने दोनदा वाजवला आणि नणंदेच्या पुढ्यात ठेवला.

"घे बिनधास्त. तपासलेला आहे."