पाण्यालाही लागण

माणसाने अणू फोडला, चंद्रावर पाऊल ठेवलं आणि आता तो शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एका परजीवीला अर्ध्या तासात, चहाच्या खर्चात पकडणार होता. पहिल्याच दिवशी पकडलाही. शुद्ध पाण्यात.

चाचणी शोधणाऱ्या संशोधकबाईंची सहा वर्षं यात गेली होती. परजीवीचा डीएनए असला, तर बंद नळीत, ऊन पाण्यात त्याच्या कोट्यवधी प्रती तयार होतात. मग नळी उघडून कागदी पट्टी बुडवायची. एक रेघ म्हणजे सुटलात, दोन म्हणजे सापडलात. महागडं यंत्र नको, ऊन पाण्याचा थर्मास पुरे. तो थर्मास त्या घरी विसरल्या होत्या. दवाखान्याच्या सिस्टरनी मग बाकावर बसलेल्या शिंपीणबाईंचा मागून घेतला. तपासणीही त्यांचीच होती.

शिंपीणबाईंचं दुखणं आठ महिन्यांचं. दोनदा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत गेला आणि उत्तर येईपर्यंत यांची कारखान्यातली रजा संपली, ते घ्यायला येणं जमलं नाही. घरी नणंदेला दाढ दाखवायला जाते म्हणून सांगितलेलं, आणि एकच दाढ माणसाने किती महिने दाखवावी? आज साडेचारच्या आत उत्तर मिळालं तर ठीक, नाहीतर पुन्हा येणं नव्हतं.

या कामात एक रिवाज असतो. दर खेपेला एका नळीत नुसतं पाणी घालायचं. ते निर्दोष सुटलं तरच बाकीच्या निकालांवर विश्वास. त्या दिवशी पाण्यालाही ठसठशीत दोन रेघा आल्या.

संशोधकबाई आठवड्याने बोलवू म्हणाल्या.

"त्या येणार नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "आणि राग मानू नका बाई, पण सकाळी झालेल्या नळ्या तुम्ही याच टेबलावर उघडून सगळ्यांना रेघा दाखवत होतात. नवं बाळ दाखवावं तशा."

खरंच होतं. चक्कीत पीठ उडावं तसा डीएनए टेबलभर बसला होता आणि ज्या नळीला झाकण नाही तिच्यात शिरत होता.

सिस्टरनी नमुना नव्याने घेतला आणि नवे हातमोजे घालून नळ्या इंजेक्शनच्या खोलीत भरल्या. उघडायच्या त्या मागच्या खोलीत. भरायच्या खोलीत संशोधकबाईंना मज्जाव.

चार वाजता पाण्याला एक रेघ आली. शिंपीणबाईंना दोन.

सिस्टरनी गोळ्या दिल्या, नवऱ्यासाठीही. शिंपीणबाईंनी नवऱ्याची पुडी उचलली.

"हे त्यांच्याकडून आलं का?"

"ते चाचणीला कळत नाही," संशोधकबाई हळूच म्हणाल्या. "कधीकधी वर्षानुवर्षं अंगात गपचूप राहतं, कुणाच्याही. दोघांनी गोळ्या घ्या, जाईल."

शिंपीणबाईंनी डोळे पुसले. संशोधकबाईंनाही भरून आलं. त्यांनी शिंपीणबाईंचे हात हातात घेतले, आता हजारो बायकांना हेलपाटे घालावे लागणार नाहीत असं काहीबाही बोलल्या आणि अजून काही हवं असेल तर निःसंकोच सांगा म्हणाल्या.

शिंपीणबाईंनी घड्याळाकडे बघितलं.

"माझा थर्मास तेवढा द्या, ताई. साबणाने धुऊन."