बाबांच्या बोलण्याची कॅसेट

मी एक टेपरेकॉर्डर बोलतोय. आजवर जे बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. आता माझ्याकडे कुणी येत नाही, म्हणून थोडं स्वतःचं बोलतो.

माझी पहिली आठवण बुधवार पेठेतल्या दुकानाची. काचेमागे माझ्या शेजारी चकचकीत सीडी प्लेअर येऊन बसले होते आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक त्यांच्याकडेच वळायचं. प्रियदर्शनीनं मात्र माझ्याकडे बोट दाखवलं.

"यात आपला आवाज भरता येतो ना?"

"भरता येतो," दुकानदार म्हणाला. "चांगला यायला आधी तो चांगला असावा लागतो."

ती विदर्भातल्या ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यातली. दोन हजार साल उजाडताना कॉम्प्युटर गोंधळू नयेत म्हणून जुने प्रोग्रॅम दुरुस्त करण्याची कामं तेव्हा पुण्यात भरपूर होती, तसल्याच एका कंपनीत ती नोकरीला लागली होती. बिबवेवाडीत तिची एक खोली होती. पण तिचा जीव होता नाटकात. तिचे वडील, रतनबाबा, तरुणपणी गावच्या दंडारीत, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, बायकांची कामं करायचे. त्यांना बघतच ती मोठी झाली.

शनिवार पेठेतल्या एका नाट्यसंस्थेत ती जाऊ लागली. पहिल्याच वाचनात ती "पानी" म्हणाली आणि दिग्दर्शक अनिरुद्ध सरांनी वर न बघता सांगितलं, "आमच्या नळाला पाणी येतं." सगळे हसले. तीही हसली. त्याच आठवड्यात तिनं मला विकत घेतलं.

संस्थेच्या नव्या नाटकासाठी ऑडिशन होणार होती. प्रियदर्शनी ऑफिसातून आली की चप्पल काढायच्या आधी माझं लाल बटण दाबायची. ‘बाळ’, ‘काळ’, ‘लोणी’, ‘आणि’. बोलायची, मागे फिरवून ऐकायची, पुन्हा बोलायची. जिथे गावाकडचा हेल निघे तिथे ती माझं बटण इतक्या जोरात दाबायची की मला वाटायचं, चूक माझीच आहे. हळूहळू तो हेल गेला. झोपेत बडबडली तरी स्वच्छ बोलायची.

ऑडिशनला तिनं मला पिशवीतून नेलं, नंतर ऐकता यावं म्हणून. तिनं पाठ केलेला उतारा म्हटला. एकही अक्षर घसरलं नाही.

"उच्चार उत्तम," अनिरुद्ध सर म्हणाले. "आता असं करा. आमची नायिका तुमच्याच भागातली आहे. हेच जरा घरी बोलता तसं बोला."

मग तिनं सुरुवात केली, थांबली, पुन्हा केली. शब्द तिकडचे होते, पण त्यांच्या मागे कुणीच नव्हतं.

"तुम्ही नक्कल करताय," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुमच्याच माणसांची."

भूमिका सोनालीला मिळाली. सोनाली पुण्याचीच, मनानं चांगली मुलगी. जिन्यात तिनं प्रियदर्शनीला गाठलं. "मला ती भाषा शिकवशील, प्लीज? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." प्रियदर्शनी हो म्हणाली.

पण शिकवणार काय? तेवढ्यात रतनबाबा डोळे तपासायला पुण्यात आले. तिनं संहिता त्यांच्यापुढे ठेवली आणि नायिकेची वाक्यं आपल्याकडच्या बोलीत म्हणून दाखवायला सांगितलं.

"तुलेच काम भेटलं का?" त्यांनी विचारलं.

तिनं नुसती होकारार्थी मान हलवली असावी, कारण पुढे बाबांच्या आवाजात जो आनंद आला तो मी आजन्म विसरणार नाही. दुपारभर ते बोलत होते. नायिका रडते तिथे ते खरंच रडले. "इथं घाई करू नको, बाई," मध्येच सांगायचे, "इथं ते आपल्या पोराकडं पाहून रायली हाय." प्रियदर्शनी माझ्याजवळ बसून कॅसेटची बाजू बदलायची सुद्धा विसरणारच होती.

दुसऱ्या दिवशी ती कॅसेट सोनालीकडे गेली.

प्रयोगाला बाबा न कळवताच गावाहून आले. तिनं तेव्हा काय सांगितलं, सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी खोलीतच होतो. रात्री दोघं परत आले. बाबा खाटेवर बसले.

"चांगली बोलली ते पोरगी," ते म्हणाले. "आपल्याकडचीच हाय का?"

"नाही बाबा. इथलीच आहे."

"असं." मग त्यांनी विचारलं, "मंग तू काहून नाही बोलली तशी?"

त्यांनी साधंच विचारलं होतं. प्रियदर्शनी त्यांचं अंथरूण घालू लागली. सकाळच्या गाडीनं बाबा गेले.

पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. गावाहून परतल्यावर प्रियदर्शनीनं सोनालीला फोन केला. सोनाली तोवर मुंबईला मालिकेत काम करू लागली होती. घर बदलताना कॅसेट कुठे गेली ते तिला आठवेना. ती फोनवर रडली म्हणे. तिचा दोष नव्हताच.

त्या संध्याकाळी प्रियदर्शनीनं माझं झाकण उघडलं, आत काही नाही हे बघितलं आणि तरीही बटण दाबलं. माझी चाकं रिकामीच फिरली. तिला काय हवं होतं ते मला कळत होतं. बाबांचा शब्द न् शब्द माझ्यातूनच गेला होता. पण आम्हा यंत्रांमध्ये आवाज राहत नाही हो. जे असतं ते फितीवर.

त्यानंतर तिनं नाटक सोडलं. आता ती मोठ्या कंपनीत आहे आणि दिवसभर परदेशातल्या लोकांशी इंग्रजीत बोलते. मी कपाटावर आहे. माझा चाकं फिरवणारा पट्टा सैल झालाय, लाल बटण रुतून बसलंय. उद्या दुरुस्त करून दिलं तरी मी कुणाचं काय भरून घेणार? ज्यांचं भरून घ्यायचं होतं ते गेले, आणि जी उरली ती घरी आली की रेडिओसुद्धा लावत नाही.

भंगारवाल्याला द्यायचं असेल तर खुशाल द्या मला. फक्त त्याआधी, तिच्याशी कुणीतरी तिच्या गावच्या बोलीत बोला.