एका पायाचं माप

“ठेवलंय म्हंजे हाय, असं धरून चालायचं न्हाई, पोरी. म्हैन्यातनं एकदा परत उघडून बघायचं. उघडंल त्योच बॅकअप.”

नाथाजीकाका जाऊन चार वर्षं झाली, तरी त्यांचा आवाज संयोगिताच्या कानात स्वच्छ होता. आणि समोर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच, केंद्रातला संगणक पुन्हा बंद पडला होता. चालू केला की घटकाभर चाले, आत काहीतरी घरघरे आणि पडदा काळा पडे.

सांगलीतलं हे केंद्र पाय गमावलेल्यांना कृत्रिम पाय बसवून देई. उरलेल्या पायावर प्लॅस्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घ्यायचा, तो स्कॅन करायचा आणि मग साचा फोडून टाकायचा. म्हणजे तयार व्हायचे होते ते सगळे पाय आता संगणकाच्या या एका डब्यात होते. सैन्यातून निवृत्त होऊन आलेल्या नाथाजीकाकांनी तो डबा सांभाळला आणि जाताना संयोगिताच्या हाती दिला.

दुरुस्तीला आलेल्या वीरधवलनं झाकण काढलं आणि चिमटीत काहीतरी धरून वर केलं.

“बाई, हे काय हो? झेंडू?”

“खंडेनवमीची पूजा केली होती.”

“ती केलीत ते बरं केलंत, पण हार नेमका जाळीवर बांधलाय. पंख्यानं पाकळ्या ओढून घेतल्या आणि बिचारा गुदमरला की!”

त्यानं आतलं सगळं साफ केलं. पंखा मोकळा फिरू लागला, पण पडद्यावर एकच ओळ येऊन थांबली.

“डिस्क गेली,” वीरधवल म्हणाला. “आधीच तापलेली, त्यात तुम्ही सारखं बटण दाबत बसलात.”

“दाबलं खरं,” संयोगिता म्हणाली.

दारात व्यवस्थापक लालासाहेब उभे होते. “मग संपलं. कोरी डिस्क टाका आणि सगळ्यांना फोन लावा. परत मापं घेऊ. मांडव घालू, शिबिर करू, पाहुणे बोलावू. चार फोटोबिटो होतील.”

“मी नाही फोन लावणार.”

तिचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसे. रोज पहाटे ती विष्णुसहस्रनाम म्हणे, ते शेजारच्या खोलीलाही कळत नसे.

“काय म्हणालात?”

“आटपाडीची, शिराळ्याची माणसं येतात, सर. काखेत कुबडी धरून एस्टीची पायरी चढायची, मागनं लोक ढकलत असतात. तुमच्या फोटोसाठी त्यांनी ती परत चढायची?”

“आवाज खाली ठेवा.”

“खालीच आहे.”

वीरधवलनं हसू लपवायला संगणकात डोकं घातलं.

“हे सगळं तुमच्या पूजेनं झालंय, विसरू नका!” लालासाहेब म्हणाले.

“माझ्या पूजेनंच झालं. म्हणून निस्तरणारही मीच. आणि पुढच्या वर्षी पूजाही करणार. हार टेबलाला घालीन, एवढंच.”

तिनं पिशवीतून कापडात गुंडाळलेली छोटी डिस्क काढली. दर शनिवारी सगळी माहिती हिच्यावर उतरवून ती घरी नेई. संकष्टीला ही डिस्क घरच्या जुन्या संगणकाला जोडून एखाद्या साच्याचा स्कॅन नीट उघडतो का ते बघायचं आणि मगच उपास सोडायचा, असा तिचा नेम होता. घरचे हसत. ती हसू देई.

“केंद्राची माहिती घरी नेता? कुणाला विचारलं?” लालासाहेब म्हणाले.

“नाथाजीकाकांना.”

वीरधवलनं नवी डिस्क बसवली, तिच्यावर सगळं पहिल्यापासून चढवलं आणि संयोगिताची डिस्क जोडली. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. संयोगिता ओठांतल्या ओठांत नाम घेत बसली. दुपार कलली तेव्हा नावं एकाखाली एक उमटायला लागली.

“आली की हो बाई सगळी!”

“नावं आली. पाय आले का ते बघू.”

केंद्राच्या मागच्या कारखान्यात फळीवर लोणंदच्या एका हमालाचा पाय तयार होता. तो तिनं कडेवर घेऊन आणला, टेबलावर ठेवला आणि टेपनं मापला. वीरधवल पडद्यावरचे आकडे मोठ्यानं वाचत गेला. प्रत्येक आकड्याला तिनं मान हलवली.

मग नावांच्या यादीवरून नजर फिरवताना तिची मान थांबली. शनिवारनंतर, सणाच्या गडबडीत, केंद्रात एकच माणूस येऊन गेला होता. जतकडचे बिराप्पा. त्यांचं नाव पडद्यावर कुठंच नव्हतं आणि त्यांचा साचा खंडेनवमीच्या साफसफाईत फुटला होता.

“एकच ना? मग बोलवा त्याला,” लालासाहेब सैल होत म्हणाले.

संयोगितानं नोंदवहीतून नंबर काढून फोन लावला. बिराप्पांच्या सुनेनं, बयाबाईनं उचलला.

“आवं बाई, परवाच तर येऊन गेलं त्ये! मेंढरं हालायची येळ झालीया. पाय न्हाई मिळाला तर म्हाताऱ्याला हितंच ठिवून जावं लागंल. जलमात कवा मागं ऱ्हायलं न्हाईत त्ये.”

फोन बिराप्पांनी घेतला. “काय झालं वं, माझं माप चुकलं व्हय?”

“तुमचं नाही, बाबा. माझं चुकलं. माप माझ्या हातनं गेलं. तुम्ही कुठं येऊ नका. मीच येते. पाय वेळेत होईल.”

“लय लांब हाय, ताई. आमी माळावर ऱ्हातो.”

“विचारत येईन.”

“आपली माणसं घरोघरी जात नाहीत,” लालासाहेब म्हणाले. “तसा नियम नाही.”

“मग आज माझी अर्धी रजा टाका.”

प्लॅस्टरच्या पट्ट्या, टेप आणि खुणेची पेन्सिल तिनं पिशवीत भरली. जत गाडीची वेळ झाली होती. केंद्राला पायऱ्या नव्हत्या. होता तो साधा उतार आणि आधार घेणाऱ्या हातांनी गुळगुळीत झालेला लोखंडी कठडा. त्याला हात लावून ती सावकाश खाली उतरली आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागली.