बेटाकडे वळणारी सुई

सुईबाबाने परातीतल्या पाण्यावर पिंपळाचे पान सोडले, शेंदूर फासलेल्या आपल्या चमत्कारी दगडावर घासलेली सुई त्यावर ठेवली आणि डोळे मिटून तो काहीबाही पुटपुटला. पान डळमळले, फिरले, थांबले. सुईचे टोक थेट उजनी धरणाच्या पाण्यातल्या बेटाकडे! काठावरच्या गर्दीने हात जोडले.

"बघा! पाण्यात बुडालेला जीव कुठं हाय? तितं! पाताळातल्या राखणदारानं काळ्या खुंटाला बांधलाय. मी न्हाय बोलत, सुई बोलती!"

सुई काही बोलत नव्हती, बोलत होता तो बाबाच. पण हे सुचायला गर्दीत डोके ताळ्यावर लागते.

बेट ओसाड. होड्यांसाठी उभारलेला बत्तीचा मनोरा, त्याखाली ज्वालामुखीच्या खडकाचे सहा कोनी काळे खांब आणि खडकाला हात लावू नये अशी सरकारी पाटी. माणूस म्हणाल तर एकही नाही.

पहिल्या रांगेत गोजरबाई बसली होती. तीन वर्षांपूर्वी पाणी ओसरले म्हणून तिचा नवरा दत्तोबा पाण्याची मोटार पुढे सरकवायला गाळात उतरला, तो परत आलाच नाही. प्रेतही सापडले नाही. तेव्हा बाबाने सांगितले, "जिता हाय. घर सोडू नगं, दिवस घालू नगं. आन रडू नगं. रडलीस की गाठ आवळंल."

गोजरबाई रडली नाही. लेक रोहिणी वालचंदनगरला शाळेत विज्ञान शिकवायची, तिच्याकडेही राहायला गेली नाही. रोज दोन ताटे वाढायची, एक झाकून ठेवायची आणि बेटावरची बत्ती लागेपर्यंत दारात बसायची. घरात इतके सुनसान असे की स्वतःचाच खोकला तिला कुणी पाहुणा आल्यासारखा वाटे. फार वाईट दिवस होते ते.

"आये, सुई उत्तरेकडं वळती," रोहिणी कळवळून सांगायची. "बेट आपल्या उत्तरेला हाय, एवढंच."

"तुझी विद्या तुझ्यापाशी," गोजरबाई म्हणायची. एकदा मात्र बैठकीत ती बाबालाच म्हणाली, "सुई त्येंचा ठिकाना दावती ना? मग मी जाऊन त्येंला घिऊन येते."

बाबा दचकला. "बाईमानसानं पाय ठिवला तर बत्ती इझंल!"

"इझू द्या."

रविवारी सकाळी भीमा मासेवाल्याच्या होडीतून मायलेकी बेटावर उतरल्या. गोजरबाईने परात आणि बाबाने दिलेली सुई पदराखाली धरली होती. काळे खांब बघून ती थबकली.

"खुंटं न्हाईत ती, आये," रोहिणी म्हणाली. "ज्वालामुखीचा तापलेला रस थंड होताना आकसला, म्हनून भेगा पडल्या. आपला गाळ सुकल्यावर तडकतो, तसंच."

तो तडकलेला गाळ गोजरबाईने जन्मभर तुडवला होता. "अवं, हाय का कुनी?" तिने हाक मारली. चार बगळे उडाले.

तिने परातीत पाणी भरले आणि सुई सोडली. सुई खांबांकडे वळली नाही, मनोऱ्याकडे वळली नाही. पार पलीकडे, करमाळ्याच्या काठाकडे वळली.

"रोहिणे, आता त्ये करमाळ्याला गेले व्हय गं?" तिने विचारले, आणि आपण काय बोललो ते तिचे तिलाच ऐकू आले. ती तिथेच खाली बसली आणि हंबरडा फोडून रडली. भीमाने तोंड फिरवले.

पुढच्या बैठकीला ती भर गर्दीत उठली. "बाबा, परात घ्या. बेटावर चला, समद्यांनी बघू द्या."

"आज योग न्हाय," बाबा म्हणाला, लघवीला म्हणून उठला, तो मोटारसायकल सुरू झाल्याचाच आवाज आला. त्याचा चमत्कारी दगड तिथेच राहिला. रोहिणीने त्यावरचा शेंदूर पुसला. स्पीकरमधले लोहचुंबक! तिने घरची साधी सुई त्यावर घासून पाण्यात सोडली. ती बेटाकडे वळली. पुढे ज्याने त्याने आपली सुई घासून बघितली. एकही चुकली नाही.

लोक खजील होऊन उठू लागले, तेव्हा गोजरबाई म्हणाली, "थांबा. मानूस गेल्याचं दुख मी सोसलं असतं. ह्यानं मला रडूसुदिक दिलं न्हाय. कुनी काय बी सांगितलं तर आधी त्येला इचारा, तुला कसं कळलं? जागा बदलून आपल्या डोळ्यांनी पुन्यांदा बघा. आन मानूस गेलंच असंल, तर पोटभर रडा. त्येला कुनाची परवानगी लागत न्हाय."