ओर्नेलाच्या दाराची कडी

ओर्नेलाचं दार मी मोडलं. मीच, दलेंदाने, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, या उजव्या खांद्याने. गल्लीत आता जो तो सांगत सुटलाय की आम्ही मोडलं. बाकीचे नुसते मागे उभे राहून "जपून मावशी, जपून" करत होते.

ओर्नेला इटलीची, तुरीन शहरातली. नवरा गेला, नोकरी संपली, तशी दोन वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून इकडे आमच्या सलक्त्या गावाला राहायला आली, माझ्या भिंतीला भिंत लावून. गाव शांत आहे, समुद्र दारात आहे, गुडघ्यांना ऊन मिळतं, असं म्हणाली. आणि पहिल्याच दिवशी दार आतून लावून बसली.

मी जाऊन खडसावलं. "हे बघ बाई, इथे सकाळी पाव आला की दार उघडायचं आणि दारात पडदा सोडायचा. दार बंद म्हणजे घरातलं कुणीतरी वारलं, नाहीतर शेजाऱ्यांशी भांडण झालं. तुझं यातलं काय आहे?" हे सगळं तिच्या भाषेत बरं का. आमच्या गच्चीवरच्या अँटेनावर लहानपणी इटलीचाच टीव्ही दिसायचा, तो बघतच मी मोठी झाले. ती हसली, दार उघडलं, आणि तेव्हापासून तिचा निळा पडदा एक दिवस चुकला नाही.

त्या मंगळवारी दहा वाजले तरी पडदा नाही. सातला दाराला अडकवलेला पाव तसाच लोंबतोय. हाका मारल्या, दार बडवलं. आतून हूं नाही की चूं नाही. मोंजी सुतार म्हणाला, "थांब मावशी, हत्यारं घेऊन येतो." मी कसली थांबते! तिसऱ्या धडकेला कडी उखडली आणि मी थेट तिच्या पलंगापाशी.

बाईसाहेब गाढ झोपलेल्या. समोरच्या लग्नाचे ढोल रात्रभर वाजले म्हणून कानात कापसाचे बोळे. डोळे उघडून बघते तर उशाशी अर्धी गल्ली. ती किंचाळली, मग मी किंचाळले, आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत दोघी हसत बसलो.

चुकलं एवढंच, की तिने हा किस्सा हौसेने लेकाला फोनवर सांगितला. तो काही हसला नाही.

चौथ्या दिवशी फुल्वियो हजर. चाळिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात परतीची दोन तिकिटं. एक त्याचं, एक आईचं. मी माशाचं कुसकुस, आमचा वाफवलेला जाड रवा, घेऊन गेले तेव्हा तो मोडक्या दारात उभा होता. "आई, सामान बांध," तो म्हणत होता. "या लोकांनी तुझं दार फोडलंय."

'या लोकांनी' मला झोंबलं. एरवी मी त्याची चांगली हजेरी घेतली असती. पण भीती वाटली. ही गेली तर माझ्या खांद्यामुळे गेली, असं मला मरेपर्यंत वाटत राहिलं असतं. म्हणून थाळी ठेवली आणि कधी नव्हे ती गप्प बसले.

ओर्नेलाने शांतपणे तिघांना कॉफी ओतली. "आपल्या इमारतीतल्या बेर्ताबाई आठवतात तुला?" तिने लेकाला विचारलं.

"हो. खालच्या मजल्यावरच्या."

"त्यांचं दार कितव्या दिवशी उघडलं?"

फुल्वियोने कप खाली ठेवला.

"अकराव्या," ती म्हणाली. "तेही वास सुटला म्हणून. मी रोज त्या दारावरून जिना चढत होते, फुल्वियो. मी एकदाही ठोठावलं नाही. इथे माझा पडदा तीन तास दिसला नाही, तर हिने खांदा मोडून घेतला."

मी लगेच बाही वर करून दाखवला. चांगला काळानिळा झाला होता. का नाही दाखवायचा? दोन वर्षांत मला कुणी इतकं मोठं म्हटलं नव्हतं. खरं सांगायचं तर आयुष्यातच म्हटलं नव्हतं.

त्याने वाकून खांदा पाहिला. "दुखतो का?"

"दुखणार नाही तर काय," मी म्हणाले. "पण तुझ्या आईसाठी डावा शाबूत आहे अजून."

तेवढ्यात मोंजी पेटी घेऊन आला. पाहुण्यावर छाप पाडायला त्याने हातभर लोखंडी कडी आणली होती. "साहेबांना सांग मावशी, उंट धडकला तरी हलायची नाही." शिवाय पेटीत तळाशी एक बारकी पितळी कडी पडलेली.

फुल्वियोने दोन्ही हातात घेऊन पाहिल्या. लोखंडी परत पेटीत ठेवली. खिशातून आईचं तिकीट काढून तिच्या बशीखाली सरकवलं, आणि बारकी कडी मोंजीपुढे धरली.

"ही बसव," तो म्हणाला. "दलेंदा मावशींना एका धडकेत मोडता आली पाहिजे."

मोंजीला इटालियन कळत नाही. म्हणून ते वाक्य त्याला मीच सांगितलं, चांगलं मोठ्याने, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.