भांडणाची होडी

गोमाजीचा आवाज खाडीत सगळ्यांना ठाऊक होता. कोपर गावच्या काठावरून त्यानं हाक मारली की पलीकडचा माणूस हातातलं जाळं ठेवून वळायचा. घरात जेवताना मीठही तो त्याच आवाजात मागायचा, आणि आवडाबाई तोडीस तोड आवाजात 'हात नाय का तुमाला' म्हणून विचारायची. त्यांच्या एकुलत्या मुलाला, हितेशला, स्किझोफ्रेनिया झाला. इस्पितळात औषधानं बरा व्हायचा नि घरी आला की पुन्हा बिघडायचा.

दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. आजार तुमच्यामुळे झालेला नाही, त्या म्हणाल्या, पण गोळ्या चालू असूनही तो उलटतो, त्याला घरातला आरडाओरडा नि टोमणे हातभार लावतात. नवऱ्याची खरडपट्टी निघतेय हे बघून आवडाबाई सुखावली. तेवढ्यात बाई तिच्याकडे वळल्या. एवढ्या मोठ्या मुलाला घास भरवायचा, जिभेवर गोळी ठेवायची, न्हाणीबाहेर पहारा करायचा, हेही बंद. मग त्यांनी शेजारी बसलेल्या हितेशला विचारलं, तुला काय वाटतं?

"कानातले आवाज तरी आलीपालीनं बोलतान," हितेश म्हणाला.

गोमाजीला ते फार लागलं. मागच्या आजारात पोरानं बापाला ओळखलं नव्हतं. पुन्हा तसं झालं तर आपण जगणार नाही, असं त्यानं घाटावर बसून स्वतःला सांगून टाकलं होतं.

त्या दिवसापासून घर चिडीचूप झालं. दुसऱ्या सकाळी शेजारचा सीताराम टोपी काढून दारात आला आणि कोण गेलं म्हणून विचारू लागला. कोणी नाही, असं गोमाजीनं कुजबुजत सांगितलं. गोमाजी कुजबुजतोय म्हटल्यावर सीतारामची खात्रीच पटली. दुपारपर्यंत भावकीतल्या बायका भाकऱ्या बांधून आल्या, ओटीवर बसल्या, आणि कुणासाठी ते न कळताही मनापासून रडल्या. हितेशनं सगळ्यांना पाणी दिलं.

पण तोंड दाबलं म्हणून भांडण थोडंच संपतं? गोमाजीचं पोट फुगायला लागलं. आवडाबाई कढईला नावं ठेवू लागली. शेवटी गोमाजीनंच तोड काढली. भांडायचं तर होडीत, खाडीच्या मध्यावर, पोराच्या कानाआड. भरतीला होडी काढायची, नांगर टाकायचा, मनसोक्त भांडायचं नि पाणी उतरायच्या आत परतायचं. कुठं निघालीस म्हणून बायकांनी विचारलं तर आवडाबाई बाजाराला निघाल्यासारखी सांगायची, "भांडायला."

आणि खरंच गुण आला. हितेश नीट झोपू लागला, ओटीवर बसून फाटकी जाळी सांधू लागला. होडीला मात्र आवडाबाई त्याला हात लावू देईना, आणि दुपारची गोळी अजून तिच्याच हातानं जायची.

त्या दिवशी भांडण त्यावरूनच पेटलं. पोराला होडीवर घेऊ, गोमाजी म्हणाला. माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही, ती म्हणाली. तिथून गाडी तिच्या भावावर आली, भावावरून लग्नातल्या मानपानावर. दोघं इतके रंगात आले की खालचं पाणी कधी गेलं ते कळलंच नाही. झोपेत वासावरून ओहोटी ओळखणारी माणसं, आणि होडी चिखलात बसून कलंडली. पाण्यावर नजर ठेवायचं काम कुणाचं, यावर आणखी एक भांडण झालं.

मग आवडाबाईचा चेहरा पडला. "त्याची गोली!"

गोमाजी काठाकडे तोंड करून उभा राहिला, छाती भरून घेतली, नि पुटपुटला, "हितेश, बाला..."

"जरा मोठ्यानं बोला नं."

"डॉक्टरीण नको बोललीय."

ज्याची हाक खाडी ओलांडायची, तो माणूस असा रुतलेल्या होडीत उभा राहून पोराला कुजबुजत हाका मारत होता. काठावर सीतारामसकट अर्धा गाव जमला. त्यांच्यातून हितेश पुढे आला आणि त्यानं आवाज दिला. हुबेहूब बापाचा आवाज.

"मी जेवलो. गोली खाल्ली. भरती येयपर्यंत खाली उतरू नका, रुताल. आनि आता भांडू नका, सगला गाव आयकतंय."

आवडाबाई चपापली. "इतून तुना आयकू येतं?"

"रोज येतं."

एवढं सगळं केलं ते कुणासाठी? डॉक्टरीणबाई, कुजबुज, सगळं विसरून गोमाजीनं पूर्ण आवाजात विचारलं, "मंग तुना तरास नाय जाला?"

हितेशनं थोडा विचार केला. "लांबून तो तंटा तुमचा असतं. घरात माजा होतं."

ऊन कलतं झालं, पाणी चिखलावर चढू लागलं, पण कलंडलेली होडी काही सरळ होईना. तेव्हा हितेशनं सीतारामची होडी सोडली. दोर घेतला, वल्हं मारलं नि तो एकटाच निघाला. पाण्याला ओढ होती. आवडाबाईनं ओरडायला तोंड उघडलं. गोमाजीनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिनं आपण होऊन पदराचा बोळा तोंडात कोंबला, आणि त्याची होडी येऊन टेकेपर्यंत काढला नाही.