उसनं खेचर

बेस्नानं उंबऱ्यापाशी रबरी बूट काढले, भिंतीला लावून नीट ठेवले आणि पडदा बाजूला केला. आत शेगडीभोवती बसलेली माणसं बोलता बोलता गप्प झाली. एकानं घसा खाकरला, दुसऱ्यानं चहाचा रिकामा पेला उगाच उचलून पाहिला. तिला याची सवय होती. ती आत आली की आमच्या खोऱ्यातल्या कुठल्याही घरात, कुठल्याही लग्नात, गाणं मध्येच तुटायचं आणि कुणीतरी हवापाण्यावर बोलायला लागायचं. जिच्यावरचं गाणं ऐकून सारा मुलूख रडायचा, तिनं स्वतः ते गाणं कधी ऐकलं नव्हतं.

"वर ये, बेस्ना, इकडे उशीला टेक," गादीवर पडलेला म्हातारा मिस्तो म्हणाला. "खरं म्हणजे मी उठून उभं राहायला हवं. छातीनं दगा दिला."

"पडून राहा, दादा. उभं राहून काय दिवे लावणार आहेस?"

मिस्तो हसला आणि हसता हसता त्याला ढास लागली. सून गुले धावत आली, पाठ चोळून गेली. शेगडीत गोवऱ्या धुमसत होत्या. बेस्ना खिडकीकडे पाठ करून बसली. खिडकीतून मुराद नदी दिसते, हे तिला ठाऊक होतं. मिस्तोचा मुलगा जेमिल सकाळी तिला गाडीतून घेऊन आला, तेव्हाही ती नदी दिसणार नाही अशाच बाजूला बसली होती.

मिस्तो देंगबेज होता. हातात वाद्य नाही, समोर कागद नाही, एक हात कानावर ठेवायचा आणि घडलेली गोष्ट गळ्यातून सोडायची, हा त्याचा धंदा. असे गाणारे आमच्याकडे पुष्कळ झाले, पण मिस्तोची तऱ्हा वेगळी. कुठे रक्त सांडलं की तो त्या गावी जायचा, मेलेल्याच्या घरी बसायचा, मारणाऱ्याच्या घरीही बसायचा, दोन्हीकडचा चहा प्यायचा आणि मगच गायचा. इतर देंगबेज त्याची टिंगल करत. मिस्तो गाणं करत नाही, पंचनामा करतो, म्हणत. तो म्हणायचा, मेलेल्या माणसाला येऊन खुलासा करता येत नाही, म्हणून आपण तोंड सांभाळावं.

दुसरी एक रीत मात्र सगळेच पाळतात. ज्याची जखम त्याच्यासमोर ते गाणं गात नाहीत. मिस्तोनं ही रीत ताणून ताणून पार टोकाला नेली होती. बाजारात कॅसेटचं दुकान घातलेल्या जेमिलनं या उन्हाळ्यात बापाची सगळी गाणी भरून घेतली होती. ज्या दिवसांत आमच्या भाषेतल्या गाण्यांवर बंदी होती आणि अशा कॅसेटी पिठाच्या डब्यात लपवाव्या लागत, त्या दिवसांतली जुनी गाणीसुद्धा. राहिलं होतं एकच, आणि गिऱ्हाईक नेमकं तेच मागायचं. ताहेर आणि बेस्नाचं.

"ती जिवंत आहे," मिस्तो म्हणायचा. "तिला विचारल्याशिवाय नाही."

"बाबा, तुम्ही गेलात तर गाणंही जाईल."

"मग जाईल. तिचंच आहे."

म्हणून जेमिल तिच्या दारात येऊन उभा राहिला होता. तिचे मुलगे तयार नव्हते. आमच्या पोरांनी आपल्या आजीचं पळून जाणं कॅसेटवर ऐकायचं का, असं थोरला म्हणाला होता. तिचा नवरा नादिर असता तर जेमिल फाटकाच्या आतही आला नसता. बिजवर, वयानं मोठा, पण माणूस भला. इतक्या वर्षांत त्यानं तिला त्या दिवसाबद्दल एक शब्द विचारला नाही आणि घरात ते गाणं येऊ दिलं नाही. मागच्या हिवाळ्यात तोही गेला.

बेस्ना नाही म्हणायलाच आली होती. मुलांसाठी नव्हे. ज्याच्याबरोबर ती पळाली होती तो ताहेर कसा मेला हे फक्त तिला माहीत होतं. गाण्याच्या शेवटी एक तर ते खरं असणार, नाही तर खोटं असणार, आणि दोन्ही ऐकण्याची तिच्यात ताकद नव्हती.

"मी नाही म्हणणार आहे, दादा," ती म्हणाली. "आधीच सांगते. तुला ताटकळत ठेवून काय मिळणार?"

"म्हण की. पण ऐकून म्हण." मिस्तोनं शेगडीभोवतीच्या माणसांकडे पाहिलं. "उठा रे. तुमच्या घरी चहा मिळत नाही वाटतं?"

माणसं निमूट उठून गेली. जेमिल टेपरेकॉर्डर घेऊन कोपऱ्यात बसला, पण त्यानं बटण दाबलं नाही. गुले दाराशी टेकली.

मिस्तोनं डावा हात कानावर ठेवला. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. पूर्वी तो एका दमात सगळी टेकडी चढून जायचा, आता दर दोन पावलांवर टेकत होता. तरी तो लागला आणि बेस्नाचे हात आपोआप पदराखाली गेले.

पहाट झाली, गाणं म्हणत होतं, ताहेर पांढऱ्या घोड्यावरून मागच्या दाराशी आला.

"घोडा कुठला?" बेस्ना म्हणाली. "खेचर होतं. तेही उसनं. गिरणीवाल्याचं."

मिस्तो थांबला. कोपऱ्यात जेमिलनं हसू दाबलं.

"खेचर," मिस्तो म्हणाला. "बरं. मला त्याच्या मामानं घोडा सांगितला होता."

"त्याच्या मामाकडे कधी बकरीसुद्धा नव्हती. घोडा कुठून सांगतो?"

गाणं पुढे सरकलं. बेस्ना भिंत उतरून आली, तिचे हिरवे डोळे अंधारात चमकले.

"इकडे बघ माझ्याकडे."

मिस्तोनं पाहिलं. "तरुणपणी असतील, म्हटलं."

"केस पिकतात, दादा. डोळे पिकतात का?"

"तपकिरी करतो. पण ओळ लंगडी होईल, सांगून ठेवतो."

"होऊ दे लंगडी. मीही लंगडतेच आता."

मग तिचे चुलते पाठलागावर निघाले, साती जणांच्या खांद्यावर बंदुका. बेस्नानं तेही कापलं. तिघे होते, बंदूक एकच होती, एकाच्या हातात कुऱ्हाड आणि तिसरा नुसता शिव्या देत होता. मिस्तो मान डोलवून एकेक गोष्ट दुरुस्त करत गेला. सुरुवातीला त्याला मजा वाटत होती. पुढे पुढे त्याचा चेहरा बारीक झाला. आयुष्यभर माणूस ज्या गोष्टीचा अभिमान बाळगतो ती अशी एकेक वीट करून निघायला लागली की कसं वाटणार? तरी तो थांबला नाही. वितळलेल्या बर्फानं फुगलेली मुराद आली, उतार सापडला नाही, मागून गोळी आली, ताहेर पाण्यात पडला आणि बेस्नानं त्याला ओढत लव्हाळ्यात आणलं.

"हे बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

मिस्तोनं कानावरचा हात खाली घेतला. पाणी मागितलं, दोन घोट प्याला.

"याच्या पुढचं मला कुणी सांगितलं नाही, बेस्ना. विचारणार कुणाला? तिथं तो होता आणि तू होतीस. तो काय बोलला ते मी जोडलंय. माझ्या एवढ्या गाण्यांत जोडलेली ही एवढीच ओळ. लोक तिच्यावरच रडतात आणि मला दर वेळी चोरी केल्यासारखं वाटतं." त्याला धाप लागली. "तू ऐक. खोटी असेल तर खोटी म्हण. जेमिल मशीन उचलून नेईल आणि गाणं माझ्याबरोबर मातीत जाईल. खोटं मागे ठेवून मला जायचं नाही."

त्यानं डोळे मिटले आणि हळूच, जवळजवळ बोलल्यासारखी, ओळ म्हटली.

*बेस्ने गं, मरणाचं मला भय नाही,*
*तुझी ओढणी भिजली आहे, वारा सुटला आहे,*
*तुला थंडी वाजेल गं, एवढंच भय आहे.*

बेस्नानं पदर अंगाभोवती ओढून घेतला.

ओढणी खरंच भिजली होती. वारा खरंच होता. तिचे दात वाजत होते आणि तिनं ताहेरचं डोकं मांडीवर धरलं होतं. तो आधी आईला हाका मारत होता. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं, ओळखलं आणि म्हणाला, "कुठून तुझ्या नादी लागलो मी." एवढं बोलून त्यानं तोंड नदीकडे फिरवलं. ते त्यानं परत वळवलं नाही. तिनं हनुवटीला धरून वळवायचा प्रयत्न केला, तरीही नाही.

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आईनं खोदून खोदून विचारलं होतं. लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली, आणि ते वाक्य रोज तिच्याबरोबर उठलं, तिच्याबरोबर नान भाजायला बसलं, तिच्याबरोबर झोपलं. ताहेरवर तिचा राग नव्हता. तेविसाव्या वर्षी पोटात गोळी घेऊन मरणारा माणूस काय बोलेल? पण त्यानं तोंड फिरवायला नको होतं.

"बेस्ना," मिस्तो म्हणाला. "बोल की."

ती शेगडीकडे बघत होती.

"असंच म्हणाला," ती म्हणाली.

"असंच?"

"शब्द न् शब्द."

जेमिल सरसावून बसला. मिस्तो मात्र तिच्याकडे टक लावून पाहत राहिला. ज्या बाईनं खेचराचा घोडा होऊ दिला नाही, तिनं ही ओळ अख्खी कशी सोडली?

"मी ती शेळ्यांमागे हिंडताना रचली होती. तिथं नव्हतो मी."

"मग तुला वरून कुणी सांगितली असेल. मला काय विचारतोस?"

"गुले, नान आण," मिस्तो म्हणाला.

गुलेनं तंदूरमधून काढलेला गरम नान कापडात गुंडाळून आणला, सोबत रानपाला घातलेलं चीज आणि चहा. आमच्याकडे नानावर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही. शेताच्या बांधावरून भांडणारे भाऊसुद्धा नान पुढे आला की खरं बोलतात, आणि अशा भांडणांत लोक बेस्नालाच बोलवायचे, कारण तिचा शब्द कधी फिरला नव्हता.

बेस्नानं वाट पाहिली नाही. तिनं नानावर हात ठेवला.

"या नानाची शपथ. ताहेर हेच म्हणाला."

"आणि गाणं?"

"भरून घे. माझी हरकत नाही. पण खेचर घाल."

मिस्तोच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. ते त्यानं पुसलं नाही. "जेव आता," तो म्हणाला. "सकाळपासून उपाशी असशील. जेव, मग लावू मशीन."

बेस्नानं चहा घेतला. साखरेचा खडा दाताखाली धरून ती घोट घोट प्याली. चीजचा तुकडा तोंडात टाकला. नान तिच्यासमोर तसाच पडला होता, वाफ हळूहळू कमी होत होती.

"मावशी, गरम आहे तोवर घ्या ना," गुले म्हणाली.

"दात दुखतोय, पोरी."

मिस्तोनं नानाकडे पाहिलं. मग तिच्या दातांत कडकन फुटणाऱ्या साखरेच्या खड्याकडे पाहिलं. तो उशीवर मागे टेकला. जेमिलला वाटलं बापाला झोप लागली. बेस्नानं मान वर केली तेव्हा म्हातारा तिच्याकडेच बघत होता, आणि दोघांपैकी कुणी नजर काढून घेतली नाही.

"गुले, नान झाकून ठेव," मिस्तो अखेर म्हणाला. "जेमिल, लाव रे मशीन."

तो गायला. खेचर उसनं होतं, डोळे तपकिरी होते, बंदूक एकच होती. तपकिरीपाशी ओळ लंगडली खरी. शेवटच्या ओळीपाशी आला तेव्हा त्यानं दम घेतला, आणि त्या मोडक्या छातीत कुठून आला कोण जाणे, पूर्वीचा आवाज आला. त्यानं ती ओळ बदलली नाही. एकदा म्हटली, पुन्हा एकदा म्हटली, जणू बेस्नाच्या अंगावर काहीतरी पांघरत होता. अंगणात गेलेली माणसं खिडकीशी येऊन उभी राहिली होती. बेस्ना रडली नाही. ती फक्त ऐकत होती.

नौरोजच्या सणाआधी, बर्फ अजून दारात असताना, मिस्तो गेला. त्याच्या मयताला इतकी माणसं आली की गल्लीत बूट ठेवायला जागा नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात बेस्ना डोळे दाखवायला शहरात निघाली. मिनीबस थांबली तेव्हा आतून मिस्तोचा आवाज येत होता. ड्रायव्हरनं आरशात तिला पाहिलं आणि त्याचा हात झटकन बटणाकडे गेला.

"राहू दे," बेस्ना म्हणाली.

"मावशी, मला माहीत नव्हतं तुम्ही..."

"राहू दे म्हटलं ना. चल, उशीर होतोय."

ती नदीच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसली. शेजारी मांडीवर लेकरू घेतलेली एक परगावची तरुण बाई होती. तिनं बेस्नाला ओळखलं नव्हतं. मिनीबस पुलाकडे लागली, मुराद उन्हात खाली पसरली होती, काठचं लव्हाळं दाट हिरवं झालं होतं. ओळ आली. बाईनं ओढणीच्या टोकानं डोळे टिपले आणि जराशी लाजली.

"मावशी, मरताना कुणी असं बोलत असेल का हो?" ती म्हणाली. "हे गाणारे काय, वाट्टेल ते जोडतात."

बेस्ना लव्हाळ्याकडे पाहत होती.

"बोलला होता," ती म्हणाली. "मी होते तिथं."